नंबर दिला होता कशासाठी?

‘लपवण्यासारखं काहीच नाही, मग प्रायव्हसी कशाला?’ या प्रश्नाला उत्तर देताना आपण अडखळतो. पण मुळात प्रश्नच चुकलाय का?

कॉलेज फेस्टच्या इव्हेंटसाठी रजिस्ट्रेशन केलं की पुढच्या काही दिवसांत एखाद्या क्लासचा फोन येतो. ‘मॅम, तुम्ही टीवायला आहात ना? एमबीएचा काही विचार केलाय?’ समोरच्याला आपलं नाव माहीत असतं, कॉलेज माहीत असतं, वर्षही माहीत असतं. आपण ‘नको’ म्हणतो, नंबर ब्लॉक करतो आणि विसरून जातो. कुणाला सांगायला गेलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘अगं, नंबर तूच दिला होतास ना?’

यावर आपण गप्प बसतो, कारण ते खरंच असतं. फॉर्म आपणच भरलेला असतो. मग तक्रार नेमकी कशाची करायची?

हा प्रश्न आत्ता विचारायचं कारण आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, म्हणजे ‘डीपीडीपी’, मंजूर केला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होणार आहेत. आज डिग्रीला असलेले आपण नोकरीचे फॉर्म भरायला लागू तेव्हा हा कायदा पूर्ण अमलात आलेला असेल. तो आपल्याला कुठे वाचवेल आणि कुठे नाही हे समजून घ्यायचं तर खासगीपणाबद्दलचे काही सिद्धांत हाताशी असलेले बरे. ‘सिद्धांत’ म्हटलं की परीक्षेत पाच मार्कांना येणारी टीप आठवते हे मान्य. पण इथे त्यांचा खरंच उपयोग होतो.

माझी माहिती, माझा ताबा

सगळ्यात ओळखीचा विचार ॲलन वेस्टिन या अमेरिकी अभ्यासकाचा. १९६७ सालच्या ‘प्रायव्हसी अँड फ्रीडम’ या पुस्तकात त्याने मांडलं की, आपली माहिती दुसऱ्यापर्यंत कधी, कशी आणि किती पोहोचावी हे ज्याचं त्याने ठरवणं म्हणजे प्रायव्हसी. थोडक्यात, माहितीवर ताबा माझा. आज आपण जिथे तिथे ‘आय ॲग्री’ दाबतो त्याच्या मुळाशी हाच विचार आहे. तुम्हाला सूचना दिली, तुम्ही संमती दिली, विषय संपला.

ऐकायला हे छान वाटतं, पण प्रत्यक्षात दोन ठिकाणी गाडी अडते. पहिलं म्हणजे, त्या अटी वाचतो कोण? २००८ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी हिशोब मांडला होता. भेट दिलेल्या प्रत्येक वेबसाइटची प्रायव्हसी पॉलिसी खरोखर वाचायची ठरवली तर एका माणसाचे वर्षाला २००हून अधिक तास त्यातच जातील. हा आकडा घरोघरी स्मार्टफोन येण्याआधीचा आहे. आता तर प्रत्येक ॲपची वेगळी पॉलिसी.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. माझी माहिती फक्त माझ्याकडे नसतेच. केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण आठवा. एप्रिल २०१८ मध्ये फेसबुकनेच दिलेल्या माहितीनुसार, भारतात फक्त ३३५ जणांनी ती पर्सनॅलिटी टेस्ट असलेलं ॲप इन्स्टॉल केलं होतं. पण त्यांच्या फ्रेंड लिस्टमधून ज्यांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता होती, अशा भारतीयांची संख्या होती सुमारे ५ लाख ६२ हजार. या लाखो लोकांनी कुठेही ‘आय ॲग्री’ दाबलं नव्हतं. त्यांच्या वतीने त्यांच्या एखाद्या मित्राने ते दाबलं. ‘नंबर तूच दिला होतास’ हे वाक्य त्यांना कसं लागू करणार?

‘जाऊ दे ना, त्यांना सगळं माहीतच आहे’

आपल्या पिढीवर आणखी एक आरोप होतो. प्रायव्हसी पाहिजे म्हणतात आणि सकाळच्या चहापासून रात्रीच्या मॅगीपर्यंत सगळं स्टोरीवर टाकतात! या विसंगतीला अभ्यासक ‘प्रायव्हसी पॅरॅडॉक्स’ म्हणतात. सुझन बार्न्स यांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या टीनएजर्सबद्दल लिहिताना हा शब्द वापरला आणि पुढे तो रूढ झाला. यावरचं एक स्पष्टीकरण म्हणजे ‘प्रायव्हसी कॅल्क्युलस’. म्हणजे आपण मनातल्या मनात नफा-तोट्याचा हिशोब करतो. लोकेशन दिलं की रिक्षा दारात येते, मग देऊन टाकू.

पण हा हिशोब खरंच होतो का? नोरा ड्रेपर आणि जोसेफ टुरो या दोघांनी २०१९ मध्ये वेगळा मुद्दा मांडला. त्याला त्यांनी ‘डिजिटल रेझिग्नेशन’ असं नाव दिलं. आपण त्याला डिजिटल हतबलता म्हणू. लोक माहिती खुशीने देत नाहीत. आपल्या हातात काही उरलेलं नाही असं वाटून देतात. आणि लोकांना तसं वाटत राहणं कंपन्यांच्या फायद्याचंच असतं.

व्हॉट्सॲपचंच घ्या. २०१६ मध्ये फेसबुकसोबत माहिती शेअर करण्याचं धोरण आलं तेव्हा जुन्या युजर्सना काही काळ तरी ‘नको’ म्हणायची सोय होती. २०२१ च्या नव्या धोरणात ती सोय नव्हती. स्वीकारा, नाही तर ॲप सोडा. आता लेक्चर कॅन्सल झाल्याचा मेसेज, प्रॅक्टिकलची बॅच, हॉस्टेलचा ग्रुप, घरच्यांचा ग्रुप, सगळं जिथे आहे ते ॲप सोडणार कसं? भारतीय स्पर्धा आयोगाने याच मुद्द्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. वर्षभराने अपिलात दंड कायम राहिला, मात्र जाहिरातींसाठी माहिती शेअर करण्यावर आयोगाने घातलेली पाच वर्षांची बंदी उठली. प्रकरणातले कायदेशीर बारकावे बरेच आहेत. आपल्यापुरता मुद्दा इतकाच की, जिथे ‘नाही’ म्हणता येत नाही तिथल्या ‘हो’ला संमती म्हणणं अवघड आहे.

स्क्रीनशॉटचं काय?

कंपन्यांना शिव्या घालणं सोपं आहे. पण कॉलेजमध्ये खरी वाट लावतो तो एखादा स्क्रीनशॉट. ब्रेकअपबद्दल मैत्रिणीला रात्री दोन वाजता लिहिलेला मेसेज सकाळी कॅन्टीनमध्ये सगळ्यांच्या फोनवर. इथे हॅकिंग नाही, डेटा लीक नाही. मेसेज मिळायला हवा त्याच व्यक्तीला मिळाला होता.

सँड्रा पेट्रोनिओ या संवादशास्त्राच्या अभ्यासिकेचा सिद्धांत इथे कामाला येतो. ती म्हणते, आपण कुणाला काही खासगी सांगतो तेव्हा ती व्यक्ती त्या माहितीची सहमालक होते. मग ती माहिती पुढे कुणाला सांगायची, किती सांगायची याचे नियम दोघांचे मिळून असतात. बहुतेक वेळा ते बोललेच जात नाहीत, गृहीत धरलेले असतात. ते मोडले की जो गोंधळ उडतो त्यासाठीही तिच्याकडे शब्द आहे, ‘बाउंडरी टर्ब्युलन्स’. सीमेवरची खळबळ म्हणा हवं तर.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, ‘मला पाठवलंय म्हणजे माझं झालं’ हा दावा चुकीचा आहे. मिळालेल्या माहितीसोबत जबाबदारीही येते. दोन, इथे कायदा फार मदतीला येणार नाही. वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी एखाद्या व्यक्तीने वापरलेला डेटा डीपीडीपीच्या कक्षेत येत नाही. बदनामी, धमकी, आक्षेपार्ह फोटो पसरवणं यासाठी दुसरे कायदे आहेत. पण सगळ्या स्क्रीनशॉटना पुरेल असं कलम नाही. ‘हे तुझ्या-माझ्यातच ठेव’ असं स्पष्ट म्हणण्याची सवय लावून घेणं आणि कुणी तसं म्हटलं असेल तर ते पाळणं, एवढंच आपल्या हातात आहे. आणि ते काही कमी नाही.

नोटीस बोर्ड ते फॅमिली ग्रुप

आता ज्या सिद्धांतासाठी हा सगळा प्रपंच मांडला त्याकडे येऊ. हेलन निसेनबॉम या अभ्यासिकेने २००४ मध्ये ‘कॉन्टेक्स्च्युअल इंटिग्रिटी’ हा विचार मांडला आणि २०१० मध्ये त्यावर सविस्तर पुस्तक लिहिलं. त्याला मराठीत संदर्भाचा मान राखणं म्हणता येईल. तिचं म्हणणं असं की, माहिती गुप्त आहे की उघड आहे यावर अडून बसू नका. ती कुठून कुठे वाहतेय ते बघा. प्रत्येक ठिकाणचे, प्रत्येक नात्याचे माहितीबद्दलचे रीतिरिवाज असतात. डॉक्टरला सांगितलेलं डॉक्टरच्या खोलीतले नियम घेऊन येतं. तीच गोष्ट विमा कंपनीकडे पोहोचली तर प्रवाह बदलला, आणि तिथे काहीतरी बिघडलं.

कॉलेजमधली डिफॉल्टर लिस्ट घ्या. हजेरी कमी असलेल्यांची नावं नोटीस बोर्डावर लागतात. तिथून जाणारा कुणीही ती वाचू शकतो, म्हणजे यादी ‘उघड’च आहे. पण कुणीतरी तिचा फोटो काढून क्लासच्या ग्रुपवर टाकतो, तिथून तो सोसायटीतल्या एखाद्या काकूंपर्यंत आणि मग थेट घरी पोहोचतो. माहिती तीच आहे, एक अक्षर बदललेलं नाही. तरीही आपल्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. ‘बोर्डावर लागलीच होती की’ हे उत्तर पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही. निसेनबॉम ते सांगायला शब्द देते. यादी विद्यार्थी आणि कॉलेज यांच्यातल्या कामासाठी होती, ती दुसऱ्याच वर्तुळात गेली.

डिफॉल्टर लिस्टवर हसता तरी येतं. स्कॉलरशिपच्या यादीवर येत नाही. अर्जात काय त्रुटी राहिली, कुणाची कागदपत्रं बाकी आहेत हे कळवायला नाव, प्रवर्ग, उत्पन्न, मोबाइल नंबर असलेली अख्खी एक्सेल शीट ग्रुपवर टाकली की काम पटकन होतं. पण त्या एका फाइलमधून वर्गातल्या प्रत्येकाची जात आणि घरची परिस्थिती सगळ्यांच्या फोनमध्ये जाऊन बसते. जातीचा दाखला विद्यार्थ्याने दिला होता तो शिष्यवृत्तीच्या कार्यालयाला, हक्काची फी सवलत मिळावी म्हणून. मागच्या बाकावरच्या कुजबुजीसाठी दिला नव्हता. ज्याला त्या यादीमुळे वर्गात वेगळी नजर सोसावी लागते त्याला ‘माहिती तूच दिली होतीस’ म्हणून दाखवा!

निसेनबॉमचा सिद्धांत वापरायला सोपा आहे. पाच गोष्टी विचारायच्या. माहिती कोणाबद्दल आहे, कोणी दिली, कोणाला दिली, कोणत्या प्रकारची आहे आणि कुठल्या अटीवर दिली. यातली एकही गोष्ट बदलली की थांबून बघायचं, हे चालण्यासारखं आहे का? स्कॉलरशिपच्या यादीत ‘कोणाला’ बदललं आणि ‘कुठल्या अटीवर’ही बदललं. फेस्टच्या नंबरचंही तेच झालं.

आणि म्हणूनच ‘लपवण्यासारखं काय आहे?’ हा प्रश्न निरर्थक ठरतो. गंमत म्हणजे यात आपल्या शब्दाचाही थोडा दोष आहे. प्रायव्हसीला आपण ‘गोपनीयता’ म्हणतो आणि गोपनीय म्हटलं की लपवाछपवी डोळ्यांसमोर येते. ‘खासगीपण’ हा शब्द जास्त बरा. वन आरकेमध्ये पाच जण राहतात तिथेही कपडे बदलताना बाकीचे तोंड फिरवतात, कुणाचं पत्र कुणी फोडत नाही. तिथे लपवण्यासारखं काही नसतं, पण खासगीपण असतं. प्रायव्हसी हे श्रीमंतांचं खूळ आहे, गरिबाला ती कशाला हवी, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयातही झाला होता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. तेव्हा हा युक्तिवादही फेटाळला गेला.

कायदा कुठे उभा आहे?

डीपीडीपीचा पाया वेस्टिनच्या वाटेनेच जातो, सूचना आणि संमती. त्यात चांगल्या गोष्टी नक्की आहेत. संमती मुक्त, विशिष्ट आणि स्पष्ट असली पाहिजे. ती देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं हवं. सूचना मराठीसह आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, माहिती ज्या कारणासाठी घेतली त्यासाठीच वापरायची. फेस्टसाठी घेतलेला नंबर क्लासला देणं इथे बसत नाही. म्हणजे निसेनबॉमचा ‘कुठल्या अटीवर’ हा प्रश्न कायद्यात थोडा तरी आला आहे.

पण भोकंही मोठी आहेत. एखाद्या व्यक्तीने स्वतःच जाहीर केलेली माहिती या कायद्याच्या बाहेर आहे. म्हणजे पब्लिक इन्स्टाग्राम अकाउंटवरचे फोटो कुणी गोळा केले तर हा कायदा आडवा येणार नाही. हे नुसतं कल्पनेतलं नाही. क्लिअरव्ह्यू एआय या अमेरिकी कंपनीने फेसबुकसह अनेक साइट्सवरचे अब्जावधी फोटो असेच उचलून पोलिसांना विकता येईल अशी चेहरा ओळखण्याची यंत्रणा उभी केली. २०२० मध्ये ते उघड झालं तेव्हा जगभर गदारोळ झाला. ट्रेकचा फोटो मित्रांनी बघावा म्हणून टाकला होता, पोलिसांच्या संशयितांशी जुळवण्यासाठी नाही. निसेनबॉम याला उल्लंघन म्हणेल. आपला कायदा म्हणणार नाही.

सरकारी यंत्रणांना देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी सूट देण्याची तरतूद आहे. नियम मोडणाऱ्याला २५० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो सरकारी तिजोरीत जातो. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही.

आणखी एक बदल पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना जास्त टोचतो. या कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्यातलं कलम ८(१)(जे) बदललं. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने एखाद्याच्या खासगीपणावर विनाकारण घाला येतो, हे बघावं लागायचं. आता माहिती ‘वैयक्तिक’ आहे एवढंच पुरेसं झालं. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची वाट कलम ८(२) मध्ये अजून खुली आहे, असं सरकारचं म्हणणं आहे. पण त्या वाटेने जायचं की नाही हे त्या कार्यालयानेच ठरवायचं. माहिती अधिकाराच्या चळवळीत महाराष्ट्र आघाडीवर होता, केंद्राच्या २००५ च्या कायद्याआधीच इथे स्वतःचा कायदा होता. त्यामुळे ही गोष्ट आपल्याकडे जास्त जाणवायला हवी. एखाद्या अधिकाऱ्याचा आजार आणि त्याने मंजूर केलेलं टेंडर या दोन्हीत त्याचं नाव असतं, म्हणून दोन्ही एकसारखं ‘वैयक्तिक’ होत नाही. पहिली माहिती डॉक्टरकडची आहे, दुसरी जनतेच्या कामातली. संदर्भ बघितला नाही की खासगीपणाचा हक्क दुबळ्याला वाचवण्याऐवजी खुर्चीवरच्याची ढाल होतो.

आपणही गोळा करतोच की

या सगळ्यात आपण नेहमी स्वतःला माहिती देणाऱ्याच्या जागी बघतो. पण फेस्टचा गुगल फॉर्म बनवतं कोण? आपणच. कमिटीत कुणीतरी म्हणतं, ‘जन्मतारीख पण टाक, असू दे.’ कशासाठी, ते कुणालाच माहीत नसतं. रिस्पॉन्स शीटची लिंक ‘एनीवन विथ द लिंक’वर राहते, स्पॉन्सर ‘डेटाबेस’ मागतो आणि पॅकेजमध्ये तो देऊनही टाकला जातो. पुढच्या वर्षीच्या कमिटीला तीच शीट वारशात मिळते. पुढे कायदा पूर्ण लागू झाला की अशा फॉर्मची जबाबदारी कॉलेजवर येऊ शकते, हे प्राचार्यांना सांगितलं तर तेही ऐकतील.

सुरुवात करायला कायद्याची वाट बघायची गरज नाही. फॉर्ममध्ये जो प्रश्न कशासाठी विचारतोय ते सांगता येत नाही तो काढून टाकायचा. शीट चार जणांनाच उघडेल अशी ठेवायची आणि फेस्ट संपल्यावर डिलीट करायची. स्पॉन्सरला नंबर हवे असतील तर त्यासाठी वेगळा रकाना ठेवायचा, आधीच टिक न केलेला. स्कॉलरशिपच्या त्रुटी ज्याच्या त्याला वेगळ्या मेसेजने कळवा अशी मागणी ऑफिसकडे करायची. क्लास रिप्रेझेंटेटिव्हने ती पहिल्यांदा केली तर बाकीच्यांना बोलायला सोपं जातं.

आणि पुढच्या वेळी कुणी म्हणालं, ‘नंबर तूच दिला होतास ना?’, तर गप्प बसायचं कारण नाही. हो, मीच दिला होता. पण कशासाठी दिला होता, ते आधी विचार.